सर्वोत्तम बचावपटू, कोपऱ्यातले थ्री आणि आकड्यांची मर्यादा: रूडी गोबेर, जून 2021

9 जून 2021 रोजी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, एनबीएने, यूटा जॅझ संघाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रूडी गोबेर याला हंगामातला सर्वोत्तम बचावपटू जाहीर केलं. शंभर मतदारांपैकी 84 जणांनी त्याला पहिली पसंती दिली होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या बेन सिमन्सला पहिल्या पसंतीची 15 मतं मिळाली. 2018 आणि 2019 नंतर गोबेरचा हा तिसरा पुरस्कार. नऊच दिवसांनी, 18 जूनला, जॅझ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद मालिकांच्या, दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून सहावा सामना 119-131 असा हरले आणि मालिका 2-4 ने गमावून बाहेर पडले. मध्यंतराला जॅझ 72-50 ने पुढे होते, तिसऱ्या क्वार्टरमध्ये ही आघाडी 25 वर गेली होती. दुसऱ्या अर्धात क्लिपर्सनी 81 गुण केले. त्यांचा सर्वात मोठा तारा कवाय लेनर्ड गुडघ्याच्या दुखापतीमुळे पाचव्या सामन्यापासून मैदानाबाहेर होता. 2019 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) 48 व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या टेरन्स मॅनने 39 गुण केले. तीन गुणांचे लांबचे फटके, म्हणजे थ्री, त्याने दहापैकी सात आत टाकले. आणि या मॅनला सांभाळायची जबाबदारी बहुतेक वेळ गोबेरची होती.

त्या रात्रीपासून हे प्रकरण बचावाच्या आकडेवारीवरच्या प्रत्येक वादात उगाळलं जातं. एक बाजू म्हणते, सगळी प्रगत आकडेवारी ज्याला सर्वोत्तम ठरवते त्याला एका साध्या लाइनअपने (मैदानावरच्या पाच जणांच्या जोडणीने) निकामी केलं, म्हणजे आकडे फसवे. दुसरी बाजू म्हणते, एका मालिकेवरून हंगामभराचा पुरावा मोडीत निघत नाही. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. गोबेरचे आकडे खरे होते, पण ते एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर देत होते. क्लिपर्सनी मैदानावर दुसराच प्रश्न विचारला. आणि लोकांनी त्या मालिकेतून जो निष्कर्ष काढला, तो तर हंगामाच्या आकड्यांपेक्षाही कच्च्या पुराव्यावर उभा आहे.

आकडे गोबेरच्या बाजूने का होते

बचाव मोजणं अवघड, कारण चांगल्या बचावाचा परिणाम बहुतेकदा न घडलेल्या गोष्टीत असतो. एनबीए स्टील आणि ब्लॉक नोंदवू लागली तीच 1973-74 च्या हंगामापासून, आणि पुढची कित्येक वर्षं बचावाबद्दल बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, एवढंच होतं: स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (फटका हाताने अडवणं), बचावातले रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं), फाउल. गोबेरने त्या हंगामात सामन्यामागे 2.7 ब्लॉक आणि 13.5 रिबाउंड घेतले, त्यामुळे बॉक्स स्कोअरवर बेतलेल्या कोणत्याही सूत्रात तो वर येणारच. पण समोरचा गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) त्याला रिमजवळ, म्हणजे बास्केटच्या कड्याजवळ, पाहून लेअप (अगदी जवळून टाकायचा सोपा फटका) न घेता चेंडू बाहेर टाकतो, ती घटना कुठल्याच रकान्यात जात नाही. क्रिकेटमध्ये कव्हरला असा क्षेत्ररक्षक उभा असतो की फलंदाज धाव घ्यायचा विचारच सोडून देतो. ती वाचलेली धाव स्कोअरबुकात कधीच दिसत नाही. कर्क गोल्ड्सबेरी आणि एरिक वाइस यांनी 2013 साली कॅमेऱ्यांच्या माहितीवरून नेमकं हेच मांडलं: रिमचं रक्षण करणाऱ्या मोठ्या खेळाडूचा प्रभाव फटके चुकवण्यात असतो, तसाच फटके होऊच न देण्यातही असतो. ड्वाइट हॉवर्डच्या नावावरून त्यांनी याला 'ड्वाइट इफेक्ट' म्हटलं.

ही न दिसणारी कामगिरी पकडायची दुसरी वाट म्हणजे प्लस-मायनस. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, तो बाहेर असताना काय झालं, एवढंच मोजायचं. गोबेरचं इथेही उत्तम होतं. 72 पैकी 52 सामने जिंकून जॅझ लीगमध्ये अव्वल आले होते, बचावात पहिल्या पाचांत होते आणि हंगामातल्या एकूण प्लस-मायनसमध्ये गोबेर सगळ्या लीगमध्ये पहिला होता. त्याच्या मागोमागच्या नावांतही जॅझचेच खेळाडू होते, आणि खरी गोम इथेच आहे.

गोबेर, रॉयस ओनील, माइक कॉनली, बोयान बोग्दानोविच, डॉनोव्हन मिचेल हे पाच जण एकत्र इतका वेळ खेळले की श्रेय कोणाचं किती, हे नुसत्या प्लस-मायनसमधून सुटं करता येत नाही. त्यावर उतारा म्हणून 2004 मध्ये डॅन रोझेनबॉमने ॲडजस्टेड प्लस-मायनस मांडलं: मैदानावरच्या दहाही खेळाडूंना एका मोठ्या समीकरणात घालायचं आणि प्रत्येकाचा वाटा काढायचा. जे खेळाडू नेहमी जोडीनेच खेळतात त्यांच्या बाबतीत हे गणित बेभान होतं. एकाला अधिक दहा, दुसऱ्याला उणे आठ, असले आकडे येतात. म्हणून 2010 मध्ये जो सिलने यात रिज रिग्रेशन आणलं, ज्याला आज आपण आरएपीएम म्हणतो. त्यात सगळ्यांचे आकडे मुद्दाम शून्याकडे ओढले जातात आणि भरपूर पुरावा असेल तरच एखादा आकडा शून्यापासून दूर जाऊ शकतो.

हे पाऊल योग्यच होतं. पण ओढायचं कशाकडे, हा निर्णय माणूस घेतो. नंतरच्या मिश्र मापकांनी, म्हणजे ईएसपीएनचं रिअल प्लस-मायनस (2014) किंवा फाइव्हथर्टीएटचं रॅप्टर (2019), शून्याऐवजी बॉक्स स्कोअरच्या किंवा कॅमेऱ्याच्या माहितीचा आधार घेतला. म्हणजे गोबेर आणि ओनील यांचं श्रेय वेगळं करता येत नसेल, तर ब्लॉक आणि रिबाउंड पाहून ते मोठ्या खेळाडूकडे झुकतं. त्यामुळे चार-पाच मापकांनी एकमुखाने गोबेरला पहिला ठरवलं, म्हणजे चार-पाच स्वतंत्र पुरावे मिळाले असं होत नाही. त्यातले काही मुळात एकाच माहितीवर पोसलेले असतात. एकमत दिसलं की मी आधी हे तपासतो.

एक पझेशन (चेंडू ताब्यात असतानाची एक चढाई) उलगडून

क्लिपर्सचा प्रशिक्षक टायरन लू याने या मालिकेत आपला सेंटर इव्हिका झुबात्सला बाकावर बसवलं आणि पाचही बाहेरून फटके मारणारे खेळाडू उतरवले. निकोला बतूमसारखा फॉरवर्ड सेंटरच्या जागी खेळू लागला. आता गोबेरने कोणाला धरायचं? प्रशिक्षक क्विन स्नायडरच्या जॅझने सहाव्या सामन्यात त्याला मॅनवर ठेवलं, कारण बाहेरून सर्वात कमी धोका त्याचाच वाटत होता. हिशेब असा की गोबेर मॅनला कोपऱ्यात सोडून रिमजवळ थांबेल आणि मॅन जे टाकेल ते टाकू द्यायचं.

त्या रात्री पुन्हा पुन्हा दिसलेली चाल अशी: रेजी जॅक्सन किंवा पॉल जॉर्ज वरून चेंडू घेऊन निघतो. त्याच्यासमोरचा जॅझचा बचावपटू पहिल्याच पावलात मागे पडतो. कॉनली मांडीच्या दुखापतीनंतर मालिकेतला पहिलाच सामना खेळत होता, मिचेलचा घोटा दुखत होता. चेंडूवाला रिमसमोरच्या रंगीत पट्ट्यात शिरतो. गोबेर कोपरा सोडून रिमकडे येतो, आणि यायलाच हवं, नाहीतर सरळ लेअप आहे. चेंडू कोपऱ्यात जातो. गोबेर उलटा वळून मॅनकडे धावतो. सात फुटांच्या वर उंची असलेला माणूस हे अंतर कापेपर्यंत मॅनने फटका सोडलेला असतो.

हीच चाल वेगवेगळी मापकं कशी नोंदवतील? 2013-14 पासून सगळ्या एनबीए मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे स्पोर्टव्हीयूचे कॅमेरे लागले, 2017-18 पासून सेकंड स्पेक्ट्रमने ते काम घेतलं, आणि 'सर्वात जवळचा बचावपटू' ही नोंद सगळीकडे वापरात आली. त्या नोंदीत हे तीन गुण गोबेरच्या खात्यावर पडतात, कारण फटक्याच्या क्षणी सर्वात जवळ तोच होता. वरती ज्याला चेंडूवाल्याने मागे टाकलं त्याच्या नावावर काहीच नाही. हीच गोष्ट उलटीही लागू होते. हंगामभर असे कित्येक गार्ड गोबेरला पाहून थबकले आणि त्यांनी घाईचा फ्लोटर (थोड्या दुरूनच उंच उडवलेला फटका) टाकला. तो चुकल्यावर श्रेय गेलं जवळ असलेल्या दुसऱ्याच माणसाला, किंवा कोणालाच नाही.

प्लस-मायनसमध्ये तेच तीन गुण पाचही जणांच्या माथी समान मारले जातात. बॉक्स स्कोअरमध्ये ते बचावाच्या बाजूला दिसतच नाहीत. एकच पझेशन, तीन पद्धती, तीन निराळी उत्तरं. यापैकी कोणतीही पद्धत खोटं बोलत नाही. पण 'चूक कोणाची' हा प्रश्न सोडवायचा असेल तर संघाने काय ठरवलं होतं हे माहीत असावं लागतं, आणि ते कॅमेऱ्याला दिसत नाही. मॅनला कोपऱ्यात मोकळं सोडणं हा गोबेरचा हलगर्जीपणा नव्हता, ती जॅझची ठरवलेली योजना होती. ज्या योजनेने हंगामभर बचाव पेलला, तिचाच तो भाग.

किती दोष बचावाचा, किती त्या रात्रीचा

क्लिपर्सनी सहाव्या सामन्यात 39 पैकी 20 थ्री टाकले. म्हणजे 51 टक्के. भयंकर आकडा, पण त्या हंगामात थ्रीमध्ये सगळ्या लीगमध्ये अव्वल संघ क्लिपर्सच होता, 41.1 टक्क्यांसह. त्यांच्या नेहमीच्या दराने 39 पैकी 16 गेले असते. फरक चार थ्रींचा, म्हणजे बारा गुणांचा. सामना जॅझ किती गुणांनी हरले? बारा.

या योगायोगावर मी फार भार टाकणार नाही. चुकलेल्या थ्रीवर कधीकधी रिबाउंड मिळून पुन्हा गुण होतात, आणि कोपऱ्यातला पूर्ण मोकळा थ्री हा सरासरी थ्रीपेक्षा सोपा असतो. 41 टक्क्यांत हात आड आलेले, घड्याळ संपताना मारलेले फटकेही धरलेले आहेत. तरीही 39 फटक्यांत 41 टक्क्यांच्या संघाचं प्रमाण विचलन, म्हणजे योगायोगाने होणारा नेहमीचा चढउतार, सुमारे तीन फटके येतं. चार जास्त जाणं हे अघटित नाही, अशा रात्री प्रत्येक संघाच्या हंगामात अनेकदा येतात. प्रतिस्पर्ध्याने किती थ्री घ्यावेत आणि कोणी घ्यावेत, यावर बचावाचा बराच ताबा असतो. घेतलेला मोकळा थ्री आत जातो की नाही, यावर फारच थोडा. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या थ्रीच्या टक्केवारीवरून एखाद्या खेळाडूचा बचाव जोखणं मला अजिबात मान्य नाही. तरी प्लस-मायनसच्या प्रत्येक कच्च्या आकड्यात ती टक्केवारी गुपचूप मिसळलेली असते. काही जाणकार म्हणूनच प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्यक्ष थ्रींऐवजी अपेक्षित टक्केवारी घालून आरएपीएम काढतात, आणि ते योग्य आहे.

हंगामाचा आकडा तरी किती पक्का असतो, तेही पाहू. एका पझेशनवर मिळणाऱ्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण 1.15 असतं, कारण बहुतेक वेळा शून्य, नाहीतर दोन किंवा तीन. गोबेर त्या हंगामात 71 सामने, सामन्यामागे जवळपास 31 मिनिटं खेळला. त्याच्या उपस्थितीत प्रतिस्पर्ध्यांना सुमारे 4,500 पझेशन मिळाले असतील, त्याच्या गैरहजेरीत सुमारे 2,600. नुसत्या योगायोगामुळे पहिल्या गटाची सरासरी 100 पझेशनमागे 1.7 गुणांनी इकडेतिकडे होऊ शकते, दुसऱ्याची सव्वादोन गुणांनी. दोन्हींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी जवळजवळ 2.8 गुण. म्हणजे संपूर्ण हंगाम संपल्यावरही 'तो असताना आणि नसताना' हा फरक त्रुटीच्या दुप्पट, साडेपाच गुण, या किंवा त्या बाजूला असू शकतो. अव्वल बचावपटू आणि नुसता चांगला बचावपटू यांच्यातलं अंतर यापेक्षा कमी असतं. शिवाय या फरकात तुलना होते ती लीगच्या सरासरी सेंटरशी नव्हे, गोबेरऐवजी उतरणाऱ्या डेरिक फेव्हर्सशी.

आता हेच गणित सहा सामन्यांच्या मालिकेला लावा. चारशेच्या आसपास पझेशन. एकट्या उपस्थितीच्या आकड्याची त्रुटी पाच-सहा गुण. ज्या मालिकेवरून 'गोबेर उघडा पडला' असं छातीठोकपणे म्हटलं जातं, तिचा संख्यात्मक पुरावा इतका पातळ आहे. तीन वर्षांनंतरचं एक उदाहरण इथे बोलकं आहे. मे 2024 मध्ये गोबेर मिनेसोटाकडून खेळत होता. बाळाच्या जन्मामुळे तो डेन्व्हरविरुद्धच्या दुसऱ्या सामन्याला नव्हता. मिनेसोटाने गतविजेत्यांना त्यांच्याच मैदानावर 80 गुणांत रोखून 106-80 ने हरवलं. त्या एका सामन्यावर विसंबलं तर गोबेर नसणंच बचावाला हितकारक ठरेल. असा निष्कर्ष कोणी काढत नाही. मग मॅनच्या रात्रीवरून का काढायचा?

मग क्लिपर्सनी दाखवलं काय

इथे मी आकडेवारीच्या कडव्या समर्थकांपासून वेगळा होतो. पुरावा पातळ आहे म्हणून मालिकेत काहीच शिकण्यासारखं नव्हतं, असं नाही. योजना डोळ्यांना दिसत होती आणि तिच्यामागे तर्क होता.

हंगामाचा बचावाचा आकडा ही सरासरी आहे. ती तीसेक संघांच्या, शेकडो लाइनअपविरुद्धच्या कामाची सरासरी. त्यातले बहुसंख्य संघ एक तरी असा मोठा खेळाडू खेळवतात जो बाहेरून फटका मारत नाही. अशा संघाविरुद्ध गोबेर त्याच्यापासून दूर, रिमजवळ राहतो. पिक-अँड-रोलमध्ये, म्हणजे चेंडूवाल्याचा सहकारी बचावपटूच्या वाटेत उभा राहून त्याला अडवतो (स्क्रीन) तेव्हा, तो मागे सरकतो, ज्याला ड्रॉप म्हणतात, आणि चेंडूवाल्याला मधल्या अंतरावरचा अवघड दोन गुणांचा फटका घ्यायला लावतो. या कामात तो जगात सर्वोत्तम होता आणि आकडे ते बरोबर सांगत होते. पाच नेमबाजांची लाइनअप हा हंगामातला छोटा हिस्सा. त्या हिश्श्यात तो साधारण असला, तरी सरासरी जेमतेम हलते. प्लेऑफमध्ये मात्र प्रतिस्पर्धी एकच असतो, रोज तोच, आणि लूसारखा प्रशिक्षक तो छोटा हिस्सा ओढून पूर्ण मालिकेएवढा करू शकतो.

म्हणजे दोष मोजमापात नव्हता, वापरात होता. हंगामाच्या आकड्याला 'हा खेळाडू किती चांगला बचाव करतो' असं वाचलं गेलं. वाचायला हवं होतं: 'या सहकाऱ्यांबरोबर, या योजनेत, सर्वसाधारण प्रतिस्पर्ध्यांच्या मिश्रणाविरुद्ध इतके गुण वाचले.' जॅझच्या व्यवस्थापनाला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी गोबेरशी पाच वर्षांचा 20.5 कोटी डॉलरचा करार केला होता. एवढी रक्कम एका खेळाडूत घातल्यावर चेंडूवाल्याला पहिल्या पावलात रोखणारे गार्ड शोधणं हा संघबांधणीतला पहिला मुद्दा असायला हवा होता. ओनील सोडला तर त्या संघात असं कोणी नव्हतं. गोबेर मागे उभा आहे म्हणून पुढच्यांचा ढिलेपणा हंगामभर झाकला गेला, आणि संघाचा बचाव वरच्या पाचांत असल्याने तो ताळेबंदात उमटलाच नाही. या प्रकरणातली मला सर्वात गंभीर वाटणारी गोष्ट हीच.

पुढचा पुरावा

जुलै 2022 मध्ये जॅझने त्याला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात इतर खेळाडूंबरोबर ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे चार पिक (निवडीचे हक्क) घेतले. 2023-24 मध्ये मिनेसोटाचा बचाव लीगमध्ये पहिला आला, संघाने 56 सामने जिंकले आणि गोबेरला चौथा पुरस्कार मिळाला. डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेस यांच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. खेळाडू तोच, वय वाढलेलं. बदल झाला होता तो पुढच्या फळीत: जेडन मॅकडॅनियल्ससारखा लांब हातांचा बचावपटू चेंडूवाल्यावर होता, त्यामुळे गोबेरला कोपरा सोडून धावावं लागण्याचे प्रसंगच घटले. संघ आणि सहकारी बदलूनही त्याचे आकडे टिकले, हा त्याच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा मी मानतो. कोणत्याही एका हंगामाच्या आरएपीएमपेक्षाही भक्कम.

मॅनच्या रात्रीचा उरलेला भाग समजायला मला 30 एप्रिल 2025 चा सामना उपयोगी पडला. लेकर्सनी मिनेसोटाविरुद्ध पाचव्या सामन्यात जवळपास सेंटरशिवायच खेळायचं ठरवलं. 2021 मध्ये लूने वापरलेलीच कल्पना. गोबेरने 27 गुण आणि 24 रिबाउंड घेतले, मिनेसोटाने 103-96 असा सामना आणि मालिका जिंकली. छोट्या लाइनअपला दुसऱ्या टोकाला किंमत मोजावी लागली. 2021 मध्ये जॅझ ही किंमत वसूल करू शकले नव्हते: त्यांचं आक्रमण विक्रमी संख्येने थ्री मारण्यावर उभं होतं, आणि बतूम किंवा मॅनच्या डोक्यावरून गोबेरला चेंडू पोचवणं त्यांच्या सवयीत नव्हतं. त्यामुळे लूला झुबात्सला परत आणायची गरजच पडली नाही. एखादा सेंटर बचावासाठी मैदानावर टिकतो की नाही, हे बऱ्याचदा त्याच्या आक्रमणावर ठरतं. आणि बचावाचं कोणतंही मापक, बॉक्स स्कोअरचं असो की कॅमेऱ्याचं, तो रकाना उघडूनही पाहत नाही.